सहाशे चाळीस किलोमीटर

स्कॅनच्या खोलीतल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे घड्याळबाई म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. स्कॅनआधी टोचायचं त्यांचं किरणोत्सारी औषधच तसलं चावट! बनवल्यापासून दर दोन तासांनी निम्मं व्हायचं, पेटीत नुसतं बसून. ते बनायचं दुसऱ्या शहरात, सहाशे चाळीस किलोमीटरवर. विमानाला एक तास दहा मिनिटं, दोन्हीकडची गाडी धरून तीन तास. बाई कारखान्याला फोनवर सांगायच्या, "तीन तास धरा," आणि तेवढी घट धरून ते जास्त भरून पाठवायचे. आठ वर्षांत कधी चुकलं नव्हतं.

आज नऊ वाजले, साडेनऊ झाले, तरी पेटीचा पत्ता नाही. बाईंनी विमानतळावर फोन लावला.

"उशीर? छे हो, वेळेवर आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "या आठवड्यापासून ते मध्ये एका शहरात थांबतं. दोन तास जास्त. मेल केलाय ना तुम्हाला."

मेल होता. बाईंनी उघडलाही होता. सुटायची वेळ तीच दिसली, म्हणून पुढचं वाचायचा कंटाळा केला होता.

बाहेर तिघं बसली होती. पहिला एक शिंपी, दुसरी एक शिक्षिका, आणि तिसरे बाईंचे वडील, आप्पा. आपल्या माणसाला पुढे घुसवलं असं कोणी म्हणू नये, म्हणून बाईंनीच त्यांचा नंबर शेवटी लावला होता. केवढा तो शहाणपणा!

अकराला पेटी आली. बाईंनी औषध मोजलं, पुन्हा मोजलं. दोघांपुरतं होतं, तेही ओढूनताणून. पुढची पेटी आठ दिवसांनी. स्कॅन नाही तर ऑपरेशन नाही, आणि आता एकेक दिवस मोलाचा आहे, असं डॉक्टरांनी आप्पांबद्दल बजावलं होतं. शिक्षिकेच्या फॉर्मवरही त्याच डॉक्टरांनी लाल अक्षरात 'तातडीचे' लिहिलं होतं.

शिंप्याला इंजेक्शन देऊन बाई दारात आल्या. शिक्षिका पर्स सावरून उठायच्या बेतात होती. बाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही.

"आप्पा, चला."

"अगं, माझ्या आधी या आहेत ना?"

"चला म्हटलं ना!" बाई वसकन ओरडल्या. आप्पा बिचारे मुकाट्याने बाही वर करत आत गेले.

औषध आप्पांच्या अंगात गेल्यावर बाई बाहेर आल्या. "विमानाला उशीर झाला," त्या शिक्षिकेला म्हणाल्या. "औषध संपलं. पुढच्या आठवड्यात यावं लागेल."

शिक्षिकेचा चेहरा उतरला. तरी तिनेच बाईंचा हात धरला. "तुम्ही तरी काय करणार? विमान काय तुमच्या हातात असतं?"

बाईंना ते सहन होईना. वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"विमान वेळेवर आलं," त्या एका दमात बोलून गेल्या. "मीच वेळ चुकीची धरली. आणि नंबर तुमचा होता."

शिक्षिकेने हात काढून घेतला. "आत कोण आहे?"

"माझे वडील."

तिने फॉर्मची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि उठली.

"जा आत," ती म्हणाली. "आता त्यांचं तरी चुकवू नका."