चित्रवहीतून गाळलेला दिवस

माझ्या पहिल्या पानावर एक शेळी आहे आणि तिला पाच पाय आहेत. चौथा पाय चुकला म्हणून सुकन्याने पाचवा काढला, पण चुकलेला खोडला नाही. मित्रांनो, त्या शेळीपासून माझे आयुष्य सुरू झाले. मी सुकन्याची चित्रवही.

माझी पाने कापली गेली तेव्हा एक कोपरा तिरका गेला. त्यामुळे धारूरच्या दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडले होते. दिवाळीनंतर बाजारच्या दिवशी सुकन्याच्या आईने मला उचलले. कोपऱ्याकडे तिचे लक्षच नव्हते. कागद जाड आहे ना, एवढे तिने बोटांनी चाचपले. ती आणि सुकन्याचे वडील, अंगद, टोळीबरोबर ऊस तोडायला कर्नाटकात निघणार होते. आदल्या साली धाकटा हरिओम फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, थंडीने फार आजारी पडला होता. म्हणून या खेपेला त्याला आजीजवळ, म्हणजे बायडाबाईजवळ, ठेवायचे ठरले होते.

निघताना आईने मला सुकन्याच्या हातात दिले.

"मला वाचाया येत न्हाई, पर चित्र कळतं," ती म्हणाली. "रोज एक काढून ठेव. हरिओम काय करतो, शेळ्या कशा हायत, समदं. आल्यावर मी बघीन."

सहावीतल्या सुकन्याने शब्द पाळला. शाळा सुटली की ती शेळ्या घेऊन डोंगराच्या कडेला जायची आणि दगडावर बसून मला मांडीवर उघडायची. दूध पिताना शेपट्या हलवणारी करडे, चूल फुंकणारी आजी, आजीच्या चपला घालून चालणारा हरिओम, असे सगळे माझ्यात येऊन बसले. चित्राखाली ती दोन-चार ओळी स्वतःसाठी लिहायची. "आज आईची लई सय आली. कुणाला सांगितलं नाही," अशा. शाळेत बाईंनी मला सगळ्या वर्गात फिरवले. खरे सांगते, त्या दिवशी मी फुगून गेले. सुकन्याने मला मांडीवरून खाली ठेवूच नये, असे मला वाटू लागले.

मग ती दुपार आली. आजी पाण्याला निघाली होती. "पोराकडं ध्यान ठेव गं," असे सांगून ती गेली. सुकन्या अंगणात बसून बोकडाचे शिंग काढत होती. शिंगाचे वळण काही केल्या साधत नव्हते. कितीदा तरी खोडल्यावर ते साधू लागले आणि तेवढ्यात गोठ्याच्या दगडी कुंपणावरून हरिओम खाली पडला. त्याची किंकाळी आली. सुकन्याची पेन्सिल माझ्या अंगावर क्षणभर थबकली, पण उचलली गेली नाही. शिंगाच्या टोकापर्यंत ती सरकत गेली. मगच सुकन्या उठली.

उशीर झाला तो एका श्वासाचा. त्याने जखम काही वाढली नसेल. पण ती रेघ केव्हा पूर्ण झाली, हे आम्हा दोघींना ठाऊक होते.

हरिओमचे कपाळ भुवईच्या वर फाटले होते. शेजारच्या शहादेवकाकांनी त्याला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेले. टाके पडले. संध्याकाळी आईचा फोन आला, तेव्हा आजीने सुकन्याला डोळ्यांनीच गप्प केले. "समदे बरे हाव," ती फोनवर म्हणाली. फोन ठेवल्यावर सुकन्याकडे वळून म्हणाली, "कावून सांगायचं? ती तिकडं कोयता टाकून रडत बसल."

दुसऱ्या दिवशी सुकन्याने हरिओमचे चित्र काढले. त्यात कपाळावर पट्टी नव्हती. पुढेही माझ्या पानांवर तो रोज हसत राहिला. घरात मात्र तो ठणका लागला की रडायचा आणि ताईच्याच कुशीत शिरायचा. तेच तिला सोसत नसे. चित्राखालच्या ओळी बंद झाल्या. मी तिला अडवू शकत नव्हते. जे ती उमटवील ते मी घेत गेले.

उन्हाळा लागला आणि टोळी परतली. आईने हरिओमला उचलले, त्याचे केस मागे सारले आणि तिचा अंगठा व्रणावर थांबला.

"हे काय?"

"पडलता," आजी म्हणाली. "बरा झाला की आता."

हातपाय धुऊन आई उंबऱ्यात बसली आणि तिने मला मांडीवर घेतले. प्रत्येक पानावर हरिओमच्या कपाळावर बोट ठेवून तिने पाहिले. पाने संपली. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"सुकन्ये, ह्यात तर तो पडलाच न्हाई."

सुकन्याला रडू फुटले. "त्याचं वरडणं मला ऐकू आलतं, आई. पर मी शिंगाची रेघ पुरी केली. मग उठले."

"लेकरं पडत्यात," आई म्हणाली. "पर मी तिकडं रोज म्हणायची, आज माझी लेक काय काढीत आसल. आन् तू मला घरात नव्हतंच असं लेकरू दावलंस. माझं पोरगं रडत हुतं, ते मला ठावंच न्हाई."

तिने पेन्सिल सुकन्याच्या हातात दिली. "काढ. आता काढ."

सुकन्याने कुंपण काढले. खाली पडलेला, तोंड उघडे टाकलेला हरिओम काढला. आणि बाजूला, मान खाली घालून बसलेली एक मुलगी काढली. तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती तिच्या मांडीवरची वही. मित्रांनो, मी स्वतःला पहिल्यांदा पाहिले ते असे.

आईने ते चित्र नीट पाहिले. वाखाणले नाही, रागावलीही नाही. पदराने सुकन्याचे नाक पुसले आणि मला मिटले.

पुढच्या खेपेला ती मला आपल्याबरोबर घेऊन आली. आता मी कोपीत, कपड्यांच्या गाठोड्यात असते. चुलीच्या धुराने माझे पुठ्ठे काळे पडले आहेत. कामावरून आल्यावर कधीतरी ती मला उघडते, छान छान पाने ओलांडते आणि त्या एका पानाशी थांबते. सुकन्याने घरी नवी वही घेतली आहे म्हणे.

मित्रांनो, वही पाण्यापासून आणि वाळवीपासून जपा, असे मी सांगणार होते. ते तुम्ही जपालच. पण आमच्यात तुम्ही काढत बसला असाल आणि कुणी रडल्याचे कानावर आले, तर आम्हाला तिथेच पालथे टाका आणि पळा. चित्र अर्धवट राहिले, तर आम्हाला त्याचे काही वाटत नाही.