सत्त्याण्णव टक्के मंजूर

सभेच्या खोलीच्या काचेला नाकं लावून अर्धं कार्यालय उभं होतं. आत लांब टेबलाच्या टोकाला मोठा पडदा उजळला होता आणि लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीचे पाचही संचालक चहा निवत ठेवून त्याच्याकडे आ वासून बघत होते.

"विचारा, काहीही विचारा," सल्लागार म्हणाला. कारखान्यात मागून सगळे त्याला 'सुटातले बुवा' म्हणत. "हे यंत्र थकत नाही, रुसत नाही, कुणाचा काका नाही की कुणाचा पुतण्या नाही. ज्याला स्वार्थच नाही, त्याची चूक होणार कशी?"

अध्यक्षांचा पुतण्या, म्हणजे कंपनीचा कार्यकारी संचालक, यावर मनापासून हसला. यंत्र त्यानेच आणलं होतं. त्याने नव्या गोदामाचा प्रस्ताव भरला. दोन सेकंदांत पडद्यावर अक्षरं उमटली: 'सखोल विचारविनिमयान्ती प्रस्ताव मंजूर करावा. खात्री सत्त्याण्णव टक्के.' खाली तीन कारणं, एकेक मोत्यासारखं.

"आणि आपण इथे तीन-तीन तास घसा कोरडा करायचो," संचालकांमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कोपऱ्यात चिटणीसबाई बसल्या होत्या. मंडळाच्या सभांचं इतिवृत्त त्या बावीस वर्षं लिहीत आल्या होत्या. सगळे माना डोलावत होते आणि यांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. 'सखोल विचारविनिमयान्ती' हे शब्द वाचून आपलीच साडी दुसरीच्या अंगावर दिसावी तसं त्यांना झालं.

सभा सुटल्यावर ब्रेक-चाचणीचा फोरमन त्यांच्या टेबलाशी आला. मोजकं बोलणारा माणूस, पण आज त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, पुढच्या बुधवारी माझ्या खात्याचा ठराव येतोय म्हणे. प्रत्येक ब्रेकवर वजन टाकून बघायचं नाही, दहांतला एकच बघायचा."

"मग?"

"मग काय? शंभरात चार घसरतात. दहाच तपासले तर त्या चारांतले तीन-साडेतीन गिऱ्हाइकाच्या घरी जाणार. आमच्या लिफ्टा दवाखान्यांत लागतात, बाई. स्ट्रेचरवरचा माणूस उडी मारून बाहेर येत नाही."

"हे कार्यकारी साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, यंत्र ठरवेल."

चिटणीसबाई तडक बुवांना गाठायला जिन्यावर गेल्या. "तुमच्या यंत्राला शिकवलं कशावर हो?"

"तुमच्याच इतिवृत्तांवर, ताई. बावीस वर्षांचा अनुभव त्याने एका दुपारी पचवला. अस्सल घरचं दूध, पाण्याचा थेंब नाही."

त्या घरच्या दुधात काय होतं आणि काय नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीचा एक जुना नियम होता: घरातलं भांडण कागदावर आणायचं नाही. सभेत आवाज चढत, टेबलावर मुठी आपटत, एखादा प्रस्ताव पार मोडीत निघे. तो मागे घेतला गेला की त्याची ओळही इतिवृत्तात येत नसे. जे मंजूर झालं तेवढंच बाई लिहीत, तेही 'एकमताने मंजूर' म्हणून. दुपारभर बसून त्यांनी जुन्या फायली चाळल्या. ठराव चौदाशेच्या वर. नामंजूर एकही नाही.

बुधवारी ब्रेकचा ठराव पडद्यावर चढला आणि व्हायचं तेच झालं. 'मंजूर करावा. खात्री सत्त्याण्णव टक्के.'

"चला, पुढचा विषय," पुतण्या म्हणाला.

चिटणीसबाई उठल्या. बावीस वर्षांत त्या सभेत आपणहून बोलल्या नव्हत्या. नोकरी जाईल ही भीती होतीच. "अध्यक्षसाहेब, मी याला दोन प्रश्न विचारू?"

अध्यक्षांनी मान हलवली. बाईंनी टाइप केलं: 'कारखान्यातल्या सर्व जिन्यांच्या पायऱ्या काढून टाकाव्यात.'

'सखोल विचारविनिमयान्ती प्रस्ताव मंजूर करावा. खात्री सत्त्याण्णव टक्के.' पायऱ्यांमुळे जागा अडते, असं पहिलं कारण होतं.

काचेपलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी दुसरा प्रश्न भरला: 'प्रत्येक ब्रेक एकदा नव्हे, दोनदा तपासावा.' तोही मंजूर, तितक्याच खात्रीने.

"म्हणजे दहांतला एकच तपासा, हेही बरोबर आणि सगळे दोनदा तपासा, हेही बरोबर?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"यंत्र सकारात्मक वृत्तीचं आहे," बुवा घाम पुसत म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत..."

"त्याला वृत्ती नाही," बाई म्हणाल्या. "मी लिहिलं तेवढंच त्याने वाचलंय, आणि मी कधी कुणाचा नकार लिहिलाच नाही. या यंत्राने 'नाही' हा शब्द पाहिलेला नाही. सत्त्याण्णव टक्के खात्री आहे ती आपल्या सवयीची. ब्रेकचं त्याला काही माहीत नाही."

अध्यक्षांचा आवाज बारीक झाला. "न लिहायला मीच सांगितलं होतं."

"हो. आणि मी ऐकलं. निम्मा दोष माझा."

अध्यक्षांनी फोरमनला आत बोलावलं. त्याने शंभरातल्या चारांचं गणित पुन्हा सांगितलं आणि बुवांकडे वळून विचारलं, "याने घसरलेला ब्रेक कधी बघितलाय का?" बुवा आपले कागद आवरू लागले.

"काका, बाकीच्या कंपन्या आपल्या दुप्पट लिफ्टा पाठवतायत," पुतण्या कळवळून म्हणाला. "आपण मागे पडू."

"यंत्राला जरूर विचारा," चिटणीसबाई म्हणाल्या. "गोदामाचा नकाशा विचारा, जुनी पत्रं शोधून मागा, ते काम त्याला छान जमतं. पण त्याने काय वाचलंय ते आधी विचारा, आणि काय वाचलेलं नाही तेही. लिफ्ट पडली तर जाब द्यायला पडदा जाणार नाही. तुमच्यापैकी कुणीतरी जाईल. मग डोकंही तुमचंच चालवा."

अध्यक्षांनी पडदा बंद करायला लावला आणि हात वर करायला सांगितले. चाचणी कमी करायच्या बाजूने एक, विरुद्ध चार. फोरमन मान खाली घालून कामावर परत गेला; डोळे पुसताना त्याला कुणी बघायला नको होतं.

चिटणीसबाईंनी लिहिलं: ठराव नामंजूर.

"बाई," पुतण्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "मी एकटाच पडलो हे नका लिहू. घरची गोष्ट आहे."

बाईंनी त्याचं नाव लिहिलं, पुढे त्याचं मत लिहिलं, त्याने दिलेलं कारणही शब्द न बदलता लिहिलं, आणि वही सहीसाठी त्याच्यापुढे सरकवली.