कोणाचाच नसलेला मेंदू

मी मेंदूचा नकाशा बोलतोय. कुणाच्या मेंदूचा म्हणाल, तर कुणाच्याच नाही. आणि मला जन्माला घालणाऱ्या सरांचा मला मनस्वी राग आहे.

सरांनी स्वतः एकही डोकं तपासलं नाही. बोलताना मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, यावर इतरांनी छापलेले लेख त्यांनी गोळा केले, त्यांत दाखवलेल्या जागांचे ठिपके उचलले आणि माझ्या अंगावर डकवले. ठिपके दाटले तिथे मी लाल झालो. ज्यांना काहीच सापडलं नाही, त्यांचे लेख कोण छापतो? त्यामुळे माझ्यात सगळे होकार देणारेच जमले.

सरांच्या हाताखाली काम करणाऱ्या ताईला खोट दिसली.

"सर, हे तीन लेख वेगळे नाहीत. तपासलेली माणसं तीच आहेत. आपण त्यांना तीनदा धरलंय. डाव्या कानाच्या वरच्या बाजूचा हा लाल डाग त्यांच्यामुळेच आलाय."

"अगं, कसला झकास उठून दिसतोय नकाशा! आता सगळ्यावर पाणी फिरवू नकोस."

डाग राहिला. मी छापून आलो, भिंतीवर चढलो. मिरवले मात्र सर.

मग त्यांनी उपचार काढला. वाचा गेलेल्या माणसाच्या डोक्यावर, माझा लाल डाग असेल तिथे, चुंबक धरायचा. खुर्चीत पहिलाच बसला तो ताईचा थोरला भाऊ. पक्षाघातानंतर त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, 'हो'. घरी वहिनी त्याच्याकडून रोज बोलण्याचा सराव करून घ्यायची, तो सरावही या नादात सुटला. ताईने विरोध केला तेव्हा वहिनी म्हणाली, "नकाशा तुम्हीच केलात ना?"

शेवटच्या दिवशी सरांनी विचारलं, "काय दादा, फरक वाटतोय ना?"

"हो."

सर हरखले. ताई पुढे झाली. "दादा, मी तुझी बहीण नाही ना?"

"हो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला सगळं कळत होतं.

सरांनीही ते ऐकलं. तरी 'रुग्णांना फरक' असा लेख छापला, आणि मला नव्याने काढताना त्यातला ठिपकाही त्याच डागावर चढवला. मी आणखी लाल झालो.

आता खुर्चीत रोज नवं माणूस बसतं. मला उतरवा, फाडा, चुलीत घाला. तेवढं जमत नसेल, तर माझ्याकडे बोट दाखवून कुणी "हे खरं ना?" असं विचारेल तेव्हा गप्प बसू नका. तुम्हाला 'नाही' म्हणता येतं.