सात नंबरची निळी टोपी

सुजीतने पेढ्यांचा खोका काउंटरवर ठेवला आणि मरियमबीने, म्हणजे हेड नर्सने, झाकण उघडून दोन उचललेही. फिलिपिनो मुली ‘व्हेरी नाइस, सर’ म्हणत पुढे सरकल्या. अबूधाबीच्या त्या बाळंतपणाच्या वॉर्डात पेढ्यांचा अर्थ कळणारी नर्स एकटी मनोरमाच होती. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. मिरजेत हे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि सात नंबरच्या अनुपमाला, सुजीतच्या बायकोला, काल दुपारी मुलगी झाली होती.

मनोरमाने तोंडाशी नेलेला पेढा खाली ठेवला.

घोटाळा तिचाच होता. मुलाला निळी टोपी, मुलीला गुलाबी, हा वॉर्डाचा नियम. काल गुलाबी टोप्या सगळ्या धुवायला गेलेल्या. एसीत बाळाचं डोकं उघडं कसं ठेवायचं, म्हणून तिने हाताला लागली ती निळी चढवली. तेवढ्यात सुजीत मुसफ्फाच्या वर्कशॉपमधून आला, अनुपमा झोपलेली म्हणून काचेतूनच बाळ पाहिलं आणि कंपनीच्या बसने परत गेला. विचारायचं काय होतं त्यात? खुद्द मरियमबीसुद्धा त्या टोपीकडे बघून ‘बॉक्सर आहे’ म्हणाली होती. मनोरमाचंही चौदा वर्षं तेच. निळी टोपी रडली की ‘काय दणकट’, गुलाबी रडली की ‘किती नाजूक आवाज’. वजन दोघांचं तीन किलो.

सकाळपासून अनुपमा एकच विचारत होती, ह्यांना कळलं का, काय म्हणाले? आता हा ज्या चेहऱ्याने आत जाईल, तो चेहरा ती जन्मभर विसरणार नव्हती.

मनोरमा त्याला कूलरपाशी घेऊन गेली. घरी फोन केलात का, विचारलं. केला होता. आईने संगमनेरला गल्लीभर पेढे वाटले होते. वर्कशॉपमध्ये फोरमन खैरुद्दीनने हबीबी म्हणत मिठी मारली होती.

“सुजीत, मुलगी आहे,” ती म्हणाली. “टोपी मी चुकीची घातली.”

तो कूलरच्या नळाकडे बघत राहिला.

“म्हणजे काल मी पाहिलं ते दुसऱ्याचं बाळ?”

“नाही हो. तेच.”

“जांभई देत होतं ते?”

“तीच जांभई.”

“आणि नाक?”

“नाक काय टोपीबरोबर बदलतं?”

सुजीत हसला. मग आईला काय सांगू, म्हणाला. मनोरमाने आपलं फोनकार्ड काढून दिलं. तिच्या स्वतःच्या जन्माला घरी बर्फीसुद्धा आली नव्हती, पण असं काही ती कुणाला सांगत नसे. ती नुसती त्याच्या शेजारी उभी राहिली.

फोनवर त्याने एका दमात सांगून टाकलं. पलीकडून आईचा आवाज एवढा मोठा आला की मनोरमालाही ऐकू गेला.

“आता काय लोकांच्या तोंडातून पेढे काढू? खाल्ले त्यांनी. नाक तुझ्यावर गेलंय म्हणालास, ते तरी खरं ना?”

“ते खरं आहे, आई.”

“मग देवा, त्या पोरीचं कसं व्हायचं.”

सुजीतने बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा साबण लावून. नखातलं काळं निघेना. मनोरमाने, राहू दे, चालतं, म्हटलं आणि सात नंबरचा दरवाजा उघडून धरला.

अनुपमाने बाळ कुशीत घेतलं होतं, पण ती बघत होती दाराकडे. मनोरमाला सुजीतची फक्त पाठ दिसत होती, घामाने चिकटलेला शर्ट. म्हणून तिने अनुपमाकडेच पाहिलं. एका हाताने अनुपमाने चादर मुठीत आवळून धरली होती. ती मूठ हळूहळू सुटली, आणि टाके सांभाळत ती जराशी सरकली, पलंगाच्या कडेला त्याला बसण्यापुरती जागा करून.