तीन आठवडे हात लावायचा नाही

“गेली,” डॉक्टर म्हणाले.

बाकावरच्या तिन्ही पेशंटांनी एकदम आपापला गाल धरला. दातांच्या दवाखान्यात हा शब्द इतक्या मोठ्यानं उच्चारू नये. पण डॉक्टर बोलत होते ते कोपऱ्यातल्या माशांच्या टाकीतल्या झाडांबद्दल, आणि ऐकत होता टाकीवाला.

गेली एकवीस वर्षं टाकीवाला लोकांच्या टाक्या सांभाळत होता. आठवड्याला नऊ. त्यातल्या आठांमध्ये आता प्लास्टिकची झाडं होती. ती ब्रशनं घासताना त्याचा चेहरा बदलीची ऑर्डर हातात पडलेल्या कारकुनासारखा व्हायचा. जिवंत झाडांची टाकी उरली होती ती ही एकच. तिच्यासाठी त्यानं घरच्या टाकीतली रोपं आणली होती. मुळं कातरून, लांब चिमट्यानं एकेक रोप वाळूत खोचलं होतं. बायको म्हणालीसुद्धा, “पोरीला सासरी धाडताना एवढे हळवे झाला नव्हतात.”

“पानं गळणारच, डॉक्टर. जागा बदलली की ही झाडं जुनी पानं टाकून देतात. मूळ धरलं की नवी येतात.”

“मागच्या आठवड्यातही हेच म्हणालात.”

“मागच्या आठवड्यातही हेच खरं होतं.”

“शनिवारपर्यंत काही दिसलं नाही तर प्लास्टिकची आणा. निदान हिरवी तरी दिसतील.” डॉक्टर आत गेले आणि आतून ड्रिलचा आवाज सुरू झाला.

टाकीवाल्यानं बाही सारली, कुजकी पानं वेचायला हात पाण्यात घातला आणि तो थबकला. त्यानं रोपं इथे दोन, तिथे तीन अशी विखरून लावली होती. आता ती सारख्या अंतरावर, अर्धगोलात, शिस्तीत उभी होती. अगदी कवळीसारखी.

“बाई, ही कुणी हलवली?”

काउंटरवरच्या बाईंनी अपॉइंटमेंटच्या वहीतून मान वर केली नाही. “मी काही बघितलेलं नाही. सकाळी नऊला डॉक्टर एकेक उपटून मूळ धरलंय का बघतात आणि परत खोचतात, हे तर मी अजिबातच बघितलेलं नाही.”

“रोज?”

“छे! रविवारी बंद असतो ना दवाखाना.”

टाकीवाला ओल्या हातानं तसाच आत शिरला. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते.

“डॉक्टर, तुम्ही नवा दात बसवता, तो पक्का बसलाय का हे रोज काढून बघता का?”

“आं!” गृहस्थांनी तेवढ्यातही पाठिंबा दिला.

डॉक्टरांचे कान लाल झाले. “तीस वर्षं झाली हो. काही डळमळीत दिसलं की हात आपोआप जातो.” मग जरा खालच्या आवाजात, “आणि काळजी वाटते. तुम्ही घरची आणून दिलीत ना.”

यावर भांडायची टाकीवाल्यानं तयारी केली नव्हती. त्यानं ट्रेमधला लांब दांडीचा छोटा आरसा उचलला. “एक असाच आरसा टाकीपाशी ठेवा. ह्यातून बघायचं, ओढायचं नाही. तीन आठवडे आजपासून.”

“मी शनिवार म्हणालो होतो.”

“तुम्ही आज सकाळीच लागवड केलीत, डॉक्टर.”

बाईंनी वहीत रोज सकाळी नऊचा आकडा टाकून समोर लिहिलं: ‘झाडं. फक्त तपासणी.’ अधूनमधून त्या फोन करून कळवत, “आज हात खिशात होते.”

एकोणिसाव्या दिवशी फोन आला, “लगेच या.”

टाकीवाला पोचला तेव्हा डॉक्टर तोंडाला मास्क लावून आरसा पाण्यात धरून उभे होते. मागे बाई, त्यांच्या मागे दोन पेशंट माना उंचावून. आरशात, बुंध्यापाशी, तांदळाच्या दाण्याएवढं गुंडाळलेलं पान होतं.

“दिसलं?” डॉक्टर कुजबुजले.

“दिसलं. पण एवढं हळू का बोलताय?”

“घाबरेल.”

टाकीवाल्यानं काचेला नाक लावलं. “डावीकडे अजून एक आहे.”

“मग आता काय करायचं?”

“काही नाही.”

डॉक्टर नाइलाजानं आत गेले. टाकीवाला रिकामी बादली पायांशी ठेवून पेशंटांच्या बाकावर बसला. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच.

“तुमचा नंबर कितवा?” शेजारच्या आजींनी विचारलं.

“माझं झालं.”

यानंतर बँकेतली टाकी होती. तिथली प्लास्टिकची झाडं घासायची होती. त्यांना घाई नव्हती. त्यांचं काही व्हायचंच नव्हतं. टाकीवाला बसून राहिला.