दोन तासांचं घड्याळ

बत्त्याचं वजन एक किलो आठशे ग्रॅम.

"कातडीवर बोटानं दाबायचं आणि सोडायचं. पांढरं झालं पाहिजे. लालच राहिलं तर समजायचं, आत जखम सुरू झालीय," सिस्टरनं शिकवलं होतं.

मुलगी सहा वर्षांची असताना तिनं खेळण्यातलं एक पिवळं चाक गिळलं होतं. तिसऱ्या दिवशी ते मिळालं. फेकून द्यायचं की धुऊन ठेवायचं यावर घरात वाद झाला. धुऊन ठेवलं.

पलंगापासून खिडकीपर्यंत चार पावलं.

पंपहाऊसमधली माणसं आवाजात झोपतात.

"माझा बत्ता कुठे गेला?"

सहा फूट दोन इंच

ऑपरेटरनं बत्त्याखालचा हात काढून घेतला आणि एक पाऊल मागे सरकला.

खिडकीशेजारी, उंच ठोकलेल्या फळीवर मुलीच्या जुन्या ठोकळ्यांचा मनोरा उभा होता. लाल, निळे, पांढरे, जे हाताला लागले ते. मनोऱ्यातून निघालेल्या दोरीला बत्ता टांगलेला. त्याच्या ओढीनं आतली दातेरी चाकं थरथरली, लोलक डावीकडे गेला, उजवीकडे आला, आणि रिकाम्या डब्यावर कुणी नख मारत बसावं तसा टक् टक् आवाज सुरू झाला.

"चाललं की हो!" पलंगावरून बायको म्हणाली. जिन्यावरून पडल्यापासून मानेखालचं शरीर तिचं ऐकत नव्हतं. जीभ पूर्वीसारखीच होती.

बत्ता भराभर उतरला आणि फरशीला टेकला. आवाज थांबला.

"किती?"

"सात मिनिटं."

"म्हणजे दर सात मिनिटांनी माझी कूस बदलणार? मला काय गादी समजलात, उन्हात उलटीपालटी करायला?"

ऑपरेटरनं मनोरा खाली उतरवला, बायकोला दिसेल अशा बेतानं फरशीवर बसला आणि एकेक ठोकळा सोडवायला लागला.

"आणि माझा बत्ता घासून ठेवा," ती म्हणाली.

पाच फूट

त्याला सगळे ऑपरेटरच म्हणत. एकतीस वर्षं पाण्याच्या पंपहाऊसवर काढल्यावर माणसाला दुसरं काय म्हणणार? बायको पडली तेव्हा त्यानं मुदतीआधीच नोकरी सोडली.

काम अवघड नव्हतं. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची: डावी, पाठ, उजवी, पुन्हा पाठ. एका जागी भार राहिला की कातडी लाल होते, मग फुटते, आणि मग ती भरून येत नाही. ऑपरेटरनं मोबाईलवर बारा गजर लावले. दोन महिने सुरळीत गेले, असं त्याला वाटत होतं.

एका सकाळी दवाखान्यातून आठवड्याची फेरी करणारी सिस्टर आली. तिनं बायकोला कुशीवर घेतलं, माकडहाडावर बोट दाबलं, उचललं. लालच राहिलं. पुन्हा दाबलं.

"काका, रात्री कूस कितीदा बदलली?"

"दर दोन तासांनी."

"खरं सांगा."

"गजर लावलेत. बघा ना." त्यानं फोन पुढे केला. रात्रीचे सगळे गजर वाजले होते. सगळे बंदही केलेले होते. त्यातले दोन त्याला आठवत होते.

गजर त्यानंच बंद केले होते, झोपेत. पंपहाऊसमध्ये धोक्याची घंटा दिवसातून वीसदा वाजायची आणि वीसही वेळा खोटी निघायची. कधी तार ओली, कधी उंदीर, कधी काहीच नाही. एकतीस वर्षांत त्याचा अंगठा इतका तरबेज झाला होता की घंटा नीट ओरडायच्या आत तिची मुंडी मुरगळली जाई. डोळे उघडायची गरज पडत नसे. तोच अंगठा तो घरी घेऊन आला होता.

"आज मी काही लिहीत नाही," सिस्टर म्हणाली. "पुढच्या वेळी असंच दिसलं, तर वॉर्डात भरती करायला लिहिणार. मग माझ्यावर चिडायचं नाही."

"वॉर्डात दर दोन तासांनी करतात?" बायकोनं विचारलं.

"आम्ही सहाजणी, काकू. पेशंट साठ."

"माहितेय. माझी आई तुमच्याच वॉर्डात होती. तिला शेवटची आंघोळ मी घातली. पाठ बघितलीय मी तिची."

सिस्टरनं हातमोजे काढले, एकात एक घातले आणि पिशवीत टाकले.

दार लागल्यावर बायको म्हणाली, "अहो, मला तिकडे नका पाठवू."

"बरं," तो म्हणाला. येताना साबण आणा म्हटल्यावर म्हणतात, तसं.

चार फूट

मुलगी दूरच्या शहरात नोकरी करायची. ती फोनवर म्हणाली, "बाबा, फोन लांब ठेवा. कपाटावर."

त्यानं ठेवला. सकाळी फोन उशाखाली सापडला. तो तिथे कसा आला हे दोघांनाही सांगता आलं नाही.

दुपारी आतल्या खोलीतला पंखा बंद पडला आणि खुर्चीत पेंगणारा ऑपरेटर ताडकन उभा राहिला.

"काय झालं?" बायको दचकली.

"पंखा थांबला."

"मग? आग लागल्यासारखं काय उठायचं?"

तो उभाच राहिला. पंपहाऊसमधली माणसं आवाजात गाढ झोपतात, पण पंप थांबला की डोळे उघडायच्या आत पायांवर असतात. घंटेला तो कधीच उठला नव्हता. शांततेला एकदाही चुकला नव्हता.

म्हणजे हवं होतं ते दोन तास आवाज करणारं आणि मग गप्प होणारं काहीतरी. असं घड्याळ कुणी विकत नाही. सगळी घड्याळं वेळ झाली की बोंब मारतात. फोनवर लावलेल्या आवाजावर त्याचा भरवसा उरला नव्हता, कारण तिथवर अंगठा पोचत होता. माळ्यावर मुलीचा ठोकळ्यांचा डबा होता. त्यात चाकं होती, दांड्या होत्या. यंत्र त्याला कळत होतं.

सात मिनिटांची बावीस झाली. चाकं वाढवली की बत्ता सावकाश उतरे, पण मग मनोरा अडून बसे; वजन वाढवलं की दांड्या वाकत. दात एकेक करून सोडणारा जो तुकडा असतो, त्याला तो दरवान म्हणायचा. दरवान कधी दोघांना एकदम सोडायचा, कधी कुणालाच नाही. त्यानं त्याची कड घासली. चाळीस मिनिटं. दोरी बदलली, दांड्यांना शिवणयंत्राचं तेल दिलं. एक तास पन्नास. तिथे आठवडाभर घोडं अडलं.

त्या काळात तो झोपतच नव्हता म्हटलं तरी चालेल. खुर्चीत ताठ बसून, डोळ्यांत तेल घालून दोन तास मोजायचा.

"एक चाक कमी आहे," त्यानं मुलीला फोनवर सांगितलं. "चोवीस दातांचं. पिवळं."

"पिवळं माझ्याकडे आहे. नेलं होतं आठवण म्हणून." मग ती थांबली. "बाबा, ते तेच आहे हं."

"दात शाबूत आहेत ना?"

"ई! बाबा!"

पलंगावर बायको हसली. हसताना तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत त्यानं तिची मान धरून ठेवली.

चाक पाकिटातून आलं. बत्ता दोन तास तीन मिनिटांत खाली आला.

पंपहाऊसचा जुना फिटर भेटायला आला, तेव्हा त्यानं मनोऱ्याला दोन फेऱ्या मारल्या. "ऑपरेटर, काटे कुठायत?"

"नाहीत."

"मग किती वाजले हे कळायचं कसं?"

"कशाला कळायला हवं?"

फिटरनं पलंगाकडे पाहिलं. "वहिनी, याला आवरा."

"मला विचारा ना वेळ," ती म्हणाली. "बत्ता आता खिडकीच्या कठड्याला आलाय. म्हणजे चहाची वेळ. टाका हो चहा."

घड्याळ झाल्यावरच्या पहिल्या फेरीला सिस्टरनं माकडहाडावर बोट दाबलं आणि उचललं. पांढरं झालं. मग पूर्ववत झालं. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत पुढच्या आठवड्याची तारीख टाकली.

तीन फूट

पडल्यापासून अकराव्या महिन्यात बायकोची छाती भरली. आधी खोकला, मग ताप. डॉक्टर येऊन गेले आणि त्यांनी वॉर्डाचं नाव काढलं. ती मान हलवून नको म्हणाली. मान तेवढी तिची होती. मुलगी आली. सिस्टर रोज यायला लागली.

चौथ्या दिवशी दुपारी सिस्टरनं बायकोचं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि मग आपल्या हातावरच्या घड्याळात पाहून वेळ सांगितली.

ऑपरेटरनं बत्त्याकडे पाहिलं. तीन फुटांवर होता.

मुलगी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. शेजारचे आले, फिटर आला. कुणी खुर्च्या आणल्या. कुणी पाणी दिलं, ते त्यानं प्यायलं. टक् टक् चालू होती. कुणाच्या तरी मनात आलं असेल की ते थांबवावं, पण फळीला कुणी हात लावला नाही.

तासाभरानं बत्ता फरशीला टेकला.

ऑपरेटर उठला. त्यानं दोरी गुंडाळून बत्ता वर नेला आणि हात सोडला. मग चार पावलं चालून पलंगाशी आला. एक हात तिच्या खांद्याखाली, एक कमरेखाली.

"चला. खिडकीकडे," तो म्हणाला.

त्यानं तिला कुशीवर वळवलं. पाठीशी उशी लावली, गुडघ्यांमध्ये दुसरी, चादर ओढून तिच्यातल्या सुरकुत्या काढल्या.

"बाबा..." मुलगी पुढे झाली.

सिस्टरनं तिचा हात धरला. "करू दे."

फरशी

त्यानंतर बत्ता पुन्हा वर नेला गेला नाही.

पहिले काही दिवस तो डोळा लागला की उठे. आता शांतताच होती, म्हणजे उठायला हवं होतं. उठून पलंगापर्यंत चार पावलं जायचा. गादी गुंडाळून ठेवलेली असे. तिथून परत यायचा.

निघायच्या आदल्या दिवशी मुलीनं मनोरा उतरवला आणि फरशीवर बसून ठोकळे रंगवार लावले, लहानपणी लावायची तसे. पिवळं चाक तिनं त्याच्यापुढे धरलं.

"हे तुमच्याकडे ठेवू?"

"तुझंच आहे ते," तो म्हणाला.

मग स्वयंपाकघरात जाऊन त्यानं बत्त्याला बांधलेली दोरी सोडली. गाठ घट्ट बसली होती, सुरीनं कापावी लागली. त्यानं बत्ता घासला, पुसला आणि खलात उभा करून ठेवला.

बायको गेली त्या दुपारी तिला शेवटची आंघोळ मुलीनं आणि सिस्टरनं घातली होती. तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती.