चपलांच्या रांगेतला पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे, डावा, गुडघ्याखालचा. कोल्हापुरातल्या एका कार्यशाळेत गंगव्वाच्या उरलेल्या पायाचं प्लॅस्टरमध्ये माप घेतलं, त्यावर तापलेलं प्लॅस्टिक ओढलं, खाली रबराचा पंजा बसवला आणि माझा जन्म झाला. तिचा स्वतःचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. माझ्यावर उभी राहून तिनं सात वर्षं चंदगडच्या डोंगरात शेरडं चारली. बायका म्हणायच्या, बघा की, चालती कशी! तेव्हा मला फार बरं वाटायचं.

तिचा एक नेम होता. माझ्या पंज्याला बूट असायचा, म्हणून देव दिसला की ती मला उंबऱ्याबाहेर काढून ठेवी आणि कुबडीवर आत जाई.

पुढं तिचा उरलेला पाय बारीक झाला, मी सैल झालो. घासून जखम होऊ लागली. नवा पाय घ्या, नाहीतर चालणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. तेवढी ऐपत कुठली? सून विद्याश्रीनं एका ट्रस्टकडे मदतीचा अर्ज केला. ट्रस्टनं नव्या पायांच्या शिबिराला बोलावलं.

नेमकी शिबिराच्या सकाळीच शेळी व्याली. करडू गार पडलेलं, अंगावर केस विरळ, गळ्याला गाठ. जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं, की गाभण शेळीला आयोडीन कमी पडलं, म्हणून अंगात ऊब आणणारं हार्मोन करडाच्या गळ्यातली ग्रंथी पुरेसं तयार करेना. त्यांनी औषध दिलं, शेळीला चाटायला खनिज मिठाची वीट सांगितली. गंगव्वा दिवसभर करडू पोटाशी धरून बसली. करडू वाचलं, शिबिर हुकलं. ट्रस्टनं कळवलं, पुढच्या महिन्यात या; तेव्हाही चुकलं तर नाव जाईल.

पुढच्या शिबिराच्या दिवशी आम्ही शिवाजी पेठेतल्या हॉलवर वेळेत पोचलो. पण दारासमोरच महादेवाची तसबीर, ताजा हार घातलेली. गंगव्वानं मला चपलांच्या रांगेत उभं केलं आणि ती आत गेली. शिपाई ज्ञानूला वाटलं, कुणीतरी टाकून दिलेला पाय. त्यानं मला मोडीत काढायच्या पायांच्या ढिगात नेऊन टाकलं.

आत ट्रस्टच्या क्रांतीमॅडम कागद तपासत होत्या.

"जुना पाय कुठाय, आक्का? झिजलेला दाखवल्याबिगार दुसरा मंजूर होत न्हाय."

"भाईर ठेवलाय की. देवाम्होरं पायताण घालून कसं यायचं?"

विद्याश्री बाहेर धावली. चपला होत्या, मी नव्हतो. गंगव्वाचा चेहरा उतरला. मला सगळं ऐकू येत होतं, पण पायाला तोंड कुठलं? शेवटी ज्ञानूलाच आठवलं. त्यानं ढीग पसरला. वरवर सगळे सारखेच.

"आता वळखायचा कसा, मावशी?"

गंगव्वानं एकेक पट्टा चाचपला आणि माझ्यापाशी थांबली. माझ्या पट्ट्याचं टोक कुरतडलेलं होतं.

"ह्योच. करडानं खाल्लाय."

ज्ञानू म्हणाला, पाय सोडून देवाला भेटणारी पहिलीच बघतोय. मॅडमही हसल्या. मला उलटसुलट बघून त्यांनी कागदावर शिक्का मारला आणि हळूच म्हणाल्या, "आक्का, बूट काढा. पाय काढू नका. त्यो तुमचाच हाय की."

गंगव्वानं तसबिरीकडे बघून हात जोडले. कितीतरी वेळ ती नुसती रडत होती, मोकळं मोकळं.

पंधरा दिवसांनी नवा पाय मिळाला. परतताना मी विद्याश्रीच्या पिशवीत होतो. पुढं गंगव्वा एसटीच्या पायऱ्या चढली, एकदाही न कण्हता. तिचं चालणं मी पहिल्यांदाच दुरून ऐकलं.

मित्रांनो, झिजल्याचं मला दुःख नाही. पण आम्ही सैल झालो तरी घरातली मोठी माणसं गप्प सोसत राहतात. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर संध्याकाळी पाय उतरवल्यावर आम्ही बसतो ती जागा तेवढी बघत जा. लाल दिसली तर खुशाल आम्हाला दोष द्या, पण त्यांना दवाखान्यात न्या.